इटालियन संगीतकार मॉन्तेवेर्दीचं 'क्रूदा अमारिल्ली' हे मॅड्रिगल (कवितेवर बांधलेलं, अनेक आवाजांत गायचं गाणं) मध्येच बेसूर का वाटतं? सगळी मॅड्रिगलं अशीच असतात का?

बेसूर नाही हो, मुद्दाम केलंय ते. तुम्हाला खटकलं म्हणजे तुमचे कान शाबूत आहेत.

तुम्ही म्हणताय ती जागा 'आही लास्सो' या शब्दांची असणार. खाली बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, 'जी' हा स्वर धरून उभा असतो. सगळ्यात वरचा आवाज जरासा थांबून थेट 'ए'वर येतो आणि तिथून 'एफ'वर उडी मारतो. दोघांचंही त्या 'जी'शी वाकडं. तेव्हाचा दंडक असा, की खटकणारा स्वर आधी जुळलेल्या अवस्थेत ऐकवायचा, मग खटकू द्यायचा, मग हळूच एक पायरी खाली उतरवायचा. इथे ती पूर्वतयारीच नाही. गाण्यातला प्रेमात होरपळलेला मिर्तिल्लो 'हाय रे दैवा' म्हणतोय, तो काय परवानगी काढून कण्हणार?

मी एका हौशी कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो (सोप्रानोच्या खालचा आवाज) गाते. हे बसवताना सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरचा आवाज गाणाऱ्या बायका दर वेळी त्या 'ए'ला बिचकायच्या. आमच्या सरांनी काय करावं? शब्द काढून टाकले आणि सगळ्यांना 'ला ला'वर गायला लावलं. मग तर ती जागा निव्वळ चूकच वाटायला लागली. त्यावर सरांचा तोडगा: "तो स्वर जरा दाबून घ्या, कुणाला कळतंय!" मी म्हटलं, मग हे गायचंच कशाला? उत्तर आलं, "तू आल्टोचं बघ." कार्यक्रमात तो स्वर दाबूनच गायला गेला. वर टाळ्याही पडल्या, याचा मला अजून राग आहे.

बोलोन्याच्या आर्तूसी नावाच्या पंडिताने १६०० साली हेच केलं होतं. मॅड्रिगल अजून छापलंही नव्हतं; त्याने त्यातले तुकडे शब्दांशिवाय, कर्त्याचं नाव न घेता छापले आणि चुका दाखवल्या. शब्द काढल्यावर चुकाच दिसणार! मॉन्तेवेर्दीने १६०५ च्या, मॅड्रिगलांच्या पाचव्या पुस्तकात पहिलंच मॅड्रिगल हे ठेवलं. पुढे १६०७ मध्ये त्याच्या भावाने खुलासा केला, की इथे शब्द मालक आणि स्वरमेळ चाकर. आपल्याकडे जाणकाराने विवादी स्वर लावला तर दाद देतो ना आपण?

सगळी मॅड्रिगलं मात्र अशी नसतात. आर्काडेल्ट या आधीच्या संगीतकाराचं १५३९ च्या पुस्तकातलं हंसाचं मॅड्रिगल चार आवाजांत, बरंचसं सगळे मिळून, सरळ गोड चालतं. आणि आर्तूसी मूर्ख नव्हता. नियम त्याला पक्के ठाऊक होते, म्हणून तर नेमकी जागा सापडली.

ऐकताना समोर शब्द ठेवा. रेकॉर्डिंग पाच गायकांचंच घ्या, मोठ्या कॉयरचं नको. हे मुळात चार-पाच जणांनी खोलीत बसून, आपापली वही धरून गायचं गाणं. एकेका ओळीला आठ-आठ जण लावले की त्या 'ए'ची धार जाते. सरांना हेही सांगितलं होतं मी.