रात्री पाणी कोण वापरतं?

प्रश्न : आमच्याकडे पाणीपुरवठावाले स्मार्ट मीटर बसवतायत. त्यापेक्षा नवीन टाकी बांधली असती तर बरं झालं असतं ना?

उत्तर : टाकी लागतेच हो, पण गळक्या पाइपात कितीही पाणी सोडलं तरी ते जमिनीतच जाणार. म्हणून एकेका भागाचा मीटर रात्री २ ते ४ मध्ये बघतात, तेव्हा सगळे झोपलेले असतात, तरी काटा जोरात फिरतोय म्हणजे कुठेतरी लीकेज आहे, मग माणूस लोखंडी सळई पाइपाला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावतो आणि ती सूं आवाजाची जागा शोधतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

प्रेशर कमी केलं तरी गळती घटते. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहराने २०१८ च्या दुष्काळात हे केलं, शिवाय माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली.

आणि इमर्जन्सीचं विचाराच. लाइट गेली तर पंपाला जनरेटर आहे का, डिझेल किती तास पुरेल, हॉस्पिटलला आधी पाणी कोण पोचवणार? प्रेशर पूर्ण गेलं की बाहेरचं घाण पाणी फटीतून पाइपात शिरतं, त्यामुळे पुरवठा परत सुरू झाल्यावर उकळून प्या असं सांगितलं तर खरंच उकळा.