शॉवरखाली पाणी तुंबतंय, टाइल्स पोकळ वाजतायत आणि ठेकेदार उरलेले पैसे मागतोय. काय करावं?

उरलेले पैसे इतक्यात देऊ नका. तुम्ही लिहिलंय की नवीन काम होऊन महिनाही झाला नाही, तरी शॉवरखाली पाणी तुंबतं, भिंतीच्या काही टाइल्स पोकळ वाजतात आणि ठेकेदार म्हणतो, "ग्राउट भरून देतो, हिशोब मिटवून टाका." मी नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या फ्लॅटच्या दुरुस्तीची कामं बघतो. ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटींत भरायचा मसाला, भरून यातलं काहीही सुटणार नाही, हे खात्रीने सांगतो.

पाणी तुंबतं म्हणजे उतार चुकलाय. नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, साधारण 80 ते 100 ला 1 असा उतार लागतो, म्हणजे चार फुटांत 12 ते 15 मिलिमीटर. ठेकेदाराला समोर उभं करून फरशीवर स्पिरिट लेव्हल ठेवा. बुडबुडा मध्येच थांबला तर उतार दिलेलाच नाही, आणि ट्रॅपच्या बाजूला सरकला तर उतार उलटा आहे. दोन्ही वेळा खालची फरशी उचलूनच काम नव्याने करावं लागतं, दुसरा इलाज नाही.

भिंतीसाठी एक रुपयाचं नाणं घ्या. प्रत्येक टाइलचे चारही कोपरे आणि मधला भाग ठोकून बघा. घट्ट बसलेली टाइल भरीव वाजते; मागे पोकळी असली की आवाज लगेच बदलतो, कान चुकत नाही. पोकळ जागेवर पेन्सिलने फुली मारा आणि पूर्ण भिंतीचा फोटो काढा. एखादाच कोपरा पोकळ असेल तर मी तरी टाइल काढायला लावत नाही. पण शॉवरसमोरच्या भिंतीवर फुल्यांची गर्दी झाली तर मिस्त्रीने टाइलच्या मागे मसाल्याचे चार-पाच गोळे ठेवून ती दाबलेली असणार. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसता सिमेंटचा घोळ तिला धरत नाही. जॉइंटमधून आत गेलेलं पाणी त्या पोकळीत साठतं आणि पुढे शेजारच्या खोलीची भिंत ओली होते.

खरी परीक्षा पाणी भरून होते. ट्रॅपचं तोंड पिशवीत बांधलेल्या ओल्या कापडाने घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या आत दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पातळीची रेघ मारा आणि निदान 24 तास, जमलं तर 48 तास तसंच ठेवा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधीच सांगून ठेवा, त्यांच्या छताचे फोटो आधी आणि नंतर काढा. छताला ओल दिसली तर वॉटरप्रूफिंगही गेलंय. तसंही फरशी उचलताना खालचा कोट फाटतोच, तेव्हा तो नव्याने मागा: जमिनीवर पूर्ण, बाकी भिंतींवर फूटभर, शॉवरच्या भिंतीवर सहा फूट आणि ट्रॅपच्या गळ्याभोवती जपून. टाइल अॅडहेसिव्हच्या (टाइल चिकटवायच्या खास मसाल्याच्या) पोत्यावर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला आहे का, ते स्वतः वाचा.

हे सगळं फोटोंसकट व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि 15 दिवसांची मुदत द्या. भांडू नका, पण तोंडी वायदाही घेऊ नका. पुन्हा पाणी भरून बघितल्यावरच शेवटचा हप्ता द्यायचा, हेही त्यातच लिहा. बहुतेक ठेकेदार एवढ्यावर येतात, कारण त्यांनाही त्याच भागात पुढची कामं हवी असतात.

नाहीच आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. दुसऱ्या मिस्त्रीकडून दुरुस्तीचा खर्च लेखी घेऊन ठेवा, आयोगापुढे तोच आकडा कामाला येतो.

आणि फ्लॅट नवा असून टाइल्स बिल्डरनेच बसवल्या असतील तर ठेकेदाराच्या मागे लागूच नका. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष दाखवून दिला, तर 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. अशा वेळी पत्र थेट बिल्डरला द्या आणि पोच घ्या.