भाजलेला हात आणि त्वचारोपण

प्रश्न: साखर घालून आमरस आटवताना उसळलेला रस आईच्या उजव्या पंजाच्या पाठीवर पडला. आठ दिवस झाले, कातडी पांढरट आणि चामड्यासारखी झाली आहे. पण दुखत नाही, म्हणून ती निर्धास्त आहे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मांडीची कातडी लावायला सांगितले आहे. खपली पडली की आपोआप भरेल, असे शेजारी म्हणतात. थांबावे का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर: थांबू नका. वरवर भाजले तर आग आग होते. खोल भाजले की मज्जातंतूंची टोकेच जळतात, म्हणून आईंना दुखत नाही. नवी कातडी तयार करणारा थर नष्ट झाला, तर जखम कडांकडून आक्रसत भरते, आणि पंजाच्या पाठीवरची कातडी मुळातच पातळ व तिच्या लगेच खाली बोटे उघडणाऱ्या शिरा (रक्तवाहिन्या नव्हेत, स्नायूंचे दोर) असल्यामुळे बोटांची मुळे मागे ओढली जाऊन पुढचे सांधे आकड्यासारखे वाकतात. अशा हाताला विळीवर नारळ धरता येत नाही. म्हणून तीन आठवड्यांत भरणार नाही असे दिसणाऱ्या जखमेवर लवकर शस्त्रक्रिया करतात. (तळव्याची कातडी जाड असल्याने तिथे मात्र बहुधा वाट पाहतात.)

जळालेला थर पातळ कापांनी काढत जायचा आणि खाली ठिपक्याठिपक्यांनी रक्त दिसले की थांबायचे, ही पद्धत युगोस्लाव्हियातील डॉ. झोरा यांझेकोव्हिच यांनी १९७० साली जगापुढे मांडली. त्यावर मांडीवरून तासलेली पातळ कातडी शक्यतो जाळी न पाडता, अखंड लावतात. मांडीची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. शिरा उघड्या पडल्या असतील, तर पातळ कातडी तिथे धरत नाही. मग जांघेतील जाड कातडी तिथून पूर्ण न सोडवता वापरावी लागते आणि हात सुमारे तीन आठवडे तिथेच जोडलेला राहतो.

पट्टी बहुधा पाचव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. तोवर मनगट किंचित मागे, बोटांची मुळे वाकलेली आणि पुढची बोटे सरळ, अशा स्थितीत हात स्प्लिंटमध्ये (हात स्थिर धरणाऱ्या आधारात) असतो. आईंना स्प्लिंट नकोसा होईल, तरी स्वतःहून सोडू देऊ नका. खरी मेहनत पुढे आहे: फिजिओथेरपिस्टने सांगितल्यावर आधी कापडाची जाड गुंडाळी, मग लाटणे मुठीत धरायला लावा, दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ. व्रण उंचावू नये म्हणून घट्ट हातमोजा अनेक महिने, कधी वर्षभरही, जवळजवळ दिवसरात्र घालावा लागतो. खोबरेल तेलाने मालिश जरूर करा, पण जखम पूर्ण भरल्यावरच.