वाचक विचारतात: परदेशात जेवताना वाईन कशी मागवायची?

प्रश्न : आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये इटली आणि फ्रान्सला चाललोय, यावेळी टूर कंपनी नाही, सगळं बुकिंग स्वतःच केलंय. मिस्टरांना नाशिकची शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ आवडते, मी शाकाहारी आहे पण एखादा ग्लास घेते. तिथं चांगल्या ठिकाणी बसून वाईनबरोबर जेवायचंय, पण वाईन लिस्टमधलं काहीच कळत नाही आणि बिलाचीही धाकधूक वाटते. काय मागवायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो, आधी ती धाकधूक सोडा. दोघांनी अख्खी बाटली घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, बाटलीत ७५० मिली असते, ती संपवता संपवता जेवणाची मजा जाते. इटलीत साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, हाऊस वाईन (त्या खाणावळीची नेहमीची, सुटी मिळणारी वाईन) जगमधून मिळते, 'क्वार्तीनो' म्हणजे पाव लिटर आणि 'मेत्झो' म्हणजे अर्धा. दोघांना मेत्झो पुरे, चार लहान ग्लास होतात. बऱ्याचदा ती त्याच भागातली असते आणि तिथल्या जेवणाबरोबर मस्त जाते, हलकी समजून टाळू नका. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावलेला दिसला तर वाद घालू नका, ते टेबल आणि ब्रेडचे पैसे असतात आणि मेनूवर आधीच लिहिलेले असतात.

फ्रान्समध्ये सर्व्हिस किमतीतच धरलेली असते, वर टिप द्यायलाच हवी असं नाही. पाणी मागताना 'कराफ दो' म्हणा म्हणजे नळाचं पाणी फुकट येतं, नुसतं वॉटर म्हटलंत की बाटली येते आणि तिचे पैसे लागतात.

आता लिस्टचं. तिकडे बाटलीवर बहुतेक वेळा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं किंवा भागाचं असतं, म्हणून आपण गोंधळतो. तुमच्या मिस्टरांसाठी तर हे फारच सोपं आहे. शेनिन ब्लाँ आवडते ना, मग लिस्टमध्ये 'वूव्रे' शोधा, लुआर नदीच्या काठची वाईन, द्राक्ष तेच. फक्त 'सेक' म्हणजे कोरडी, गोड नसलेली, आणि 'दमी-सेक' म्हणजे थोडी गोडसर, एवढं बघून घ्या. सॉव्हिन्यॉ ब्लाँसाठी 'सान्सेर', तीही लुआरचीच. तिच्याबरोबर शेजारच्याच शाव्हिन्योल गावचं बकरीच्या दुधाचं चीज मिळालं तर जरूर घ्या, हे दोन एकत्र खाल्ले की कळतं तिथले लोक जेवणाला दोन-दोन तास का बसतात. इटलीत फ्लॉरेन्सला जाणार असाल तर कियांती क्लासिको ही तिथली रेड वाईन घ्या, बाटलीवर काळा कोंबडा असतो, त्यात निदान ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष असतं. तेच द्राक्ष आपल्या अकलूजलाही लावलंय, त्यामुळे जायच्या आधी पुण्यातच एक अकलूजची सांजोवेझे पिऊन बघा, तिकडे गेल्यावर चव ओळखीची वाटेल आणि फरकही कळेल.

वेटर आधी थोडीशी ओतून थांबतो तेव्हा आवडली का हे तो विचारत नसतो, बाटली खराब तर नाही ना एवढंच बघायचं असतं. ग्लास जरा फिरवा आणि वास घ्या, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर सरळ सांगा, चांगल्या ठिकाणी ते बदलून देतात. बजेट सांगायला लाजू नका, लिस्टमधल्या एका किमतीवर बोट ठेवून 'एवढ्यात काय छान आहे' असं विचारलं की ते मनापासून सुचवतात. आणि भारी ठिकाणी जायचं असेल तर रात्री नाही, दुपारी जा, फ्रान्समध्ये दुपारचा ठरलेला मेनू बराच स्वस्त असतो.

तुमच्या शाकाहाराबद्दल मात्र नीट विचारत जा. फ्लॉरेन्सचं रिबोल्लिता हे राजमासारख्या पांढऱ्या बिया, कोबी आणि शिळ्या ब्रेडचं घट्ट सूप फार छान लागतं, पण कुठं मांसाच्या स्टॉकमध्ये करतात. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं, फ्रान्सच्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्येही असं रेनेट असतं, वरचं बकरीचं चीजसुद्धा विचारूनच घ्या. काही वाईन नितळ करायला अंड्याचा बलक सोडून पांढरा भाग, नाहीतर माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. तुम्ही काटेकोर असाल तर लिस्टमध्ये 'व्हीगन' लिहिलेली वाईन मागा.

प्रश्न : येताना किती बाटल्या आणता येतात? – एक वाचक, हिंजवडी

उत्तर : माणशी २ लिटर दारू ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन. तिसरी घेतलीत की हिशोब ओलांडला. दुकानातून घेतलेल्या बाटल्या चेक-इनच्या बॅगेतच, कपड्यांत घट्ट गुंडाळून मधोमध ठेवा. घरी आल्यावर त्या स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवू नका, पुण्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात वाईनची वाट लागते. वाईनचा वेगळा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत उघडा, रेड असेल तर प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.