न उघडणाऱ्या फाइली : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच होता : फाइल हाती आली आहे, पण ती काही केल्या उघडत नाही. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातील अडचण महाराष्ट्रातील कितीतरी शाळा, ग्रंथालये आणि मंडळे यांच्या कपाटांत सीडीच्या रूपाने पडून आहे.

प्रश्न : आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची सीडी छापखान्याने २००३ साली आमच्या हवाली केली होती. आता नवी आवृत्ती काढायची आहे. सीडीतील ‘पीएमडी’ नावाच्या फाइली उघडतच नाहीत. वर्डच्या उघडतात, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइली बिघडल्या असतील का? (एक निवृत्त मुख्याध्यापक, वाई)

उत्तर : बहुधा नाहीत. सर्वांत आधी संपूर्ण सीडी संगणकावर उतरवून घ्या आणि तिची आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढचे सारे प्रयोग प्रतीवर करावेत, मूळ फाइलींवर नव्हे.

‘पीएमडी’ ही पेजमेकर ७ या पानजुळणीच्या प्रोग्रॅमची फाइल असते. आपल्याकडच्या छापखान्यांनी वर्षानुवर्षे ज्यावर पुस्तके, पत्रिका आणि अंक जुळवले, त्या पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या या फाइली उघडू शकत असत. त्यानंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली गेली. त्यामुळे गावातील एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याकडे सीएस ६ असलेला संगणक अजून चालू असेल, तर अर्धे काम तेथेच होईल. नसेल, तर लिबरऑफिस हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम घ्या. त्यातील ‘ड्रॉ’ या भागात पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडतात. पाने जशीच्या तशी येतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. चौकटी सरकतात, ओळी तुटतात, पण मजकूर हाती लागतो. छायाचित्रे पुष्कळदा पेजमेकरच्या फाइलीत नसून शेजारी वेगळी ठेवलेली असतात, म्हणून सीडीतील फोल्डरची मांडणी मोडू नये.

आता खिचडीविषयी. आपण नमुना म्हणून पाठवलेल्या पानावरील पहिला शब्द लहान लिपीतील ई, जे, के, मग मोठा बी आणि शेवटी लहान एच असा दिसतो. ही क्रुतिदेव फॉन्टची खूण आहे. त्या फॉन्टमध्ये ई या अक्षराच्या जागी ‘म’चे चित्र बसवलेले असते, जेच्या जागी ‘र’चे, केच्या जागी काना, मोठ्या बीच्या जागी ‘ठ’ आणि एचच्या जागी दीर्घ वेलांटी. म्हणजे तो शब्द ‘मराठी’ असाच आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वीचे बहुतेक मराठी टंकलेखन याच युक्तीवर चाले. संगणकाच्या लेखी फाइलीत इंग्रजी अक्षरेच असतात आणि त्यांना देवनागरीचा पोशाख फॉन्ट चढवतो. फॉन्ट नसला की पोशाख उतरतो, इतकेच.

तेव्हा त्या फॉन्टचे नेमके नाव शोधावे. वर्डमध्ये खिचडीतील एखाद्या ओळीवर कर्सर ठेवला, की फॉन्टच्या चौकटीत मूळ नाव दिसते, मग तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला तरीही. तो बसवला की मजकूर वाचता येईल, पण नव्या आवृत्तीसाठी तेवढे पुरेसे नाही. मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल. त्यासाठीचे रूपांतरक इंटरनेटवर मोफत मिळतात, मात्र प्रत्येक रूपांतरक विशिष्ट फॉन्टसाठीच असतो. श्रीलिपी या दुसऱ्या फॉन्टसंचातील मजकूर क्रुतिदेवच्या रूपांतरकात घातला, तर एका खिचडीची दुसरी खिचडी होते.

रूपांतरानंतर तपासणी टाळू नये. क्रुतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा आहे. ही अदलाबदल रूपांतरकाला करावी लागते आणि जोडाक्षर आले की तो चुकू शकतो. म्हणून ‘शिक्षण’, ‘स्थिती’, ‘मार्गदर्शक’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांवर विशेष नजर ठेवावी. छापील स्मरणिका शेजारी घेऊन एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावे, ही जुनी मुद्रितशोधनाची रीत येथे कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा भरवशाची आहे. आणि फॉन्ट सापडलाच नाही, तर छापील पाने स्कॅन करून गूगल ड्राइव्हमध्ये चढवा व ती गूगल डॉक्समध्ये उघडा. छापील मराठी ते बऱ्यापैकी ओळखते. सरळ छपाईच्या पुस्तकाबाबत कधीकधी हाच रस्ता जवळचा ठरतो.

प्रश्न : सोसायटीच्या लेखापरीक्षकांनी ईमेलने हिशेब पाठवले. आमच्याकडे मात्र ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची एकच फाइल पोहोचली. हा व्हायरस आहे का? (सोसायटीच्या चिटणीस, ठाणे)

उत्तर : ओळखीच्या पत्त्यावरून अपेक्षित वेळी आलेली असेल, तर बहुधा नाही. आउटलुक हा प्रोग्रॅम ‘रिच टेक्स्ट’ पद्धतीने पत्र पाठवताना मजकुराची सजावट आणि जोडपत्रे एकाच गाठोड्यात बांधतो, आणि ते सोडणे इतर बऱ्याच मेल प्रोग्रॅमना जमत नाही. लेखापरीक्षकांना पत्राची पद्धत ‘एचटीएमएल’ किंवा ‘प्लेन टेक्स्ट’ ठेवून पुन्हा पाठवायला सांगा. असे गाठोडे सोडून देणारी संकेतस्थळे आहेत, परंतु सोसायटीचे हिशेब अनोळखी संकेतस्थळावर चढवण्यापेक्षा एक फोन केलेला बरा.

प्रश्न : भाच्याने न्यू जर्सीहून मुंजीचे फोटो पाठवले. त्यांच्या नावापुढे ‘एचईआयसी’ आहे. मी नाव बदलून ‘जेपीजी’ केले, तरी माझ्या जुन्या संगणकावर ते उघडत नाहीत. (एक वाचक, पुणे)

उत्तर : टिंबापुढची अक्षरे ही डब्यावरची चिठ्ठी आहे. हळदीच्या डब्यावर ‘तिखट’ लिहिले म्हणून आतली हळद बदलत नाही. आत काय आहे ते फाइलीच्या पहिल्या काही अक्षरांवरून कळते. फाइलीची एक प्रत नोटपॅडमध्ये उघडून पाहा : सुरुवातीला टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ दिसले, तर ती पीडीएफ आहे, नाव काहीही असो, ‘पीके’ ही दोन अक्षरे दिसली, तर ती झिप आहे. (ही झिपची पद्धत १९८९ मध्ये आणणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे आहेत.) पाहून झाले की ‘सेव्ह’ न करता बंद करावे, नाहीतर फाइल खरोखरच बिघडेल.

एचईआयसी ही पद्धत ॲपलने २०१७ पासून आयफोनमध्ये आणली. तिच्यामुळे फोटोला जागा कमी लागते. भाच्याला आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, आणि तेथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडायला सांगा. पुढचे फोटो जेपीजी येतील. आलेले फोटो मात्र रूपांतरित करून घ्यावे लागतील.

प्रश्न : प्रकल्पाचा अहवाल पेन ड्राइव्हवर घेऊन महाविद्यालयात गेलो. तेथे फाइल उघडलीच नाही. घरी मात्र तीच फाइल उघडते. (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : आपण लिहिले आहे की फाइलीचा आकार १ केबी दिसतो आणि चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे. तो अहवाल नव्हे, अहवालाकडे जाणारा शॉर्टकट आहे. अहवाल घरच्या संगणकावरच राहिला. ही चूक फार जण करतात, मीही एकदा व्याख्यानाच्या दिवशी केली आहे. शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा, म्हणजे मूळ फाइल सापडेल. अहवाल खरोखरच बिघडला, तर वर्डची ‘डॉकेक्स’ फाइल ही आतून झिपच असते, हे लक्षात ठेवा : प्रतीच्या नावात शेवटी ‘झिप’ लिहून ती उघडली, तर ‘वर्ड’ फोल्डरमधील ‘मीडिया’ या फोल्डरात निदान आकृत्या आणि फोटो शाबूत सापडू शकतात.

प्रश्न : मावसभावाच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. नावाच्या शेवटी ‘एपीके’ आहे. दोनदा दाबले, फोनने कसलीशी परवानगी मागितली, ती दिली, पण पत्रिका दिसली नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कृपया हे उत्तर वाचताच फोनचा ‘एअरप्लेन मोड’ चालू करा. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे, अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या चलनाच्या नावाखाली अशी ॲप पाठवून फोनवरील एसएमएस, म्हणजेच बँकेचे ओटीपी, वाचण्याचा उद्योग देशभर चालू आहे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व यूपीआय तात्पुरते थांबवा आणि पैसे गेले असतील, तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून किंवा संगणकावरून बदला. ते ॲप काढून टाकले तरी निर्धास्त होऊ नका. फोटो केबलने संगणकावर काढून घेऊन फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करणेच योग्य. आणि मावसभावाला फोन करा, कारण त्याच्या नावाने ती पत्रिका आणखी किती नातेवाइकांकडे गेली आहे, याची त्याला बहुधा कल्पनाही नसेल.