जुनी मारुती 800 घाटात गरम होते, थर्मोस्टॅट काढून टाकू का?

प्रश्न असा आहे: 1997 ची कार्ब्युरेटरवाली 800, पुण्यात दिवसभर फिरली तरी काटा मध्याच्या वर जात नाही, पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागली की काटा थेट एचला ("हॉट"च्या खुणेला) टेकतो. बाटलीतलं पाणी कमी होत नाही. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू आणि नवा रेडिएटर बसवू. रेडिएटर तांब्याचा घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमचा?

थर्मोस्टॅट काढायचा नाही. रेडिएटरवरही अजून एक रुपया घालू नका.

"आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅटचं काय काम, तो थंड देशांसाठी असतो" हे वाक्य मी गॅरेजात इतक्या जणांकडून ऐकलंय आणि त्यावरून इतका वाद घातलाय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व. 800 चा साधारण 82 अंशांना उघडायला लागतो आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडतो. तुमचा काटा एचला टेकतो तेव्हा पाणी त्याच्या बरंच वर गेलेलं असतं. म्हणजे त्या क्षणी थर्मोस्टॅट धडधाकट असेल तर आधीच सताड उघडा आहे. सताड उघडं दार चौकटीतून काढून वारा वाढत नाही. फरक पडेल तो फक्त तो बंद अवस्थेत अडकला असेल तर. आणि तसा अडकला असता तर गाडी खंबाटकीची वाट बघत बसली नसती, शहरातच उकळली असती.

अर्धवट उघडून अडकलाय अशी शंका असेल तर काढून तपासा, फेकू नका. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅटच्या व्हॉल्वच्या फटीत दोरा अडकवून त्याच दोऱ्याने तो पाण्यात लटकवा, पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. बाजूला थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर तापवा. ज्या तापमानाला व्हॉल्व उघडेल त्याला दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडेल. त्याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, त्याच्याशी ताडून बघा. पाणी उकळायला लागलं की व्हॉल्व आठ मिलिमीटरच्या आसपास उघडलेला दिसायला हवा. नाही उघडला तर नवा आणा. परत बसवताना त्यावरची बारीक हलती पिन वरच्या बाजूला आली पाहिजे, हवा तिथूनच निघते.

आता एक 800 सांगतो, कारण तिचं दुखणं हुबेहूब तुमच्यासारखं होतं. गाडी वाईची, पसरणी घाट चढताना तापायची. आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात रेडिएटर नवा, वॉटर पंप नवा, फॅन थेट स्विचवर जोडलेला, म्हणजे चावी फिरवली की अखंड चालू. थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅट नाहीच, सिलिकॉनचे वाळलेले गोळे तेवढे. एवढं सगळं करूनही पाचगणी यायच्या आत काटा वर. मालकाला पुढचं निदान दिलेलं होतं हेड गॅस्केटचं (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग), आणि हेड उतरवायचा दिवसही ठरला होता.

हेड उतरवण्याआधी ज्या तपासण्या होतात त्या कुणी केल्याच नव्हत्या. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली, नळीच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत. झाकण लावून पुन्हा चालू केली, गॅस्केट गेलं असतं तर वरचा होस (रेडिएटरची रबरी नळी) पहिल्या मिनिटात दगडासारखा कडक झाला असता, तो मऊच राहिला. ऑइल गेजला दुधाळ फेस नाही. तिन्ही प्लग काढले, तिन्ही सारख्याच तपकिरी रंगाचे. गॅस्केटमधून पाणी आत जात असतं तर एखादा प्लग धुतल्यासारखा चकचकीत निघाला असता. गॅस्केट शाबूत होतं.

मग बॉनेट उघडं ठेवून गाडी पूर्ण गरम केली, फॅन फिरतोय, काटा जागेवर. एकाला आत बसवून रेस धरायला सांगितलं आणि नजर खालच्या होसवर ठेवली, रेडिएटरच्या तळातून इंजिनकडे जाणारा तो. जसजशी रेस वाढली तसा वळणावरचा होस आत ओढला जायला लागला आणि पुरती रेस दिल्यावर तिथे चपटा झाला, दोन्ही भिंती जवळजवळ एकमेकींना चिकटल्या. रेस सोडली, होस पुन्हा गोल. पुन्हा रेस, पुन्हा चपटा.

वॉटर पंप खालच्या होसमधून पाणी ओढतो. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती ओढ वाढते. रबर थंड असताना ताठ असतं म्हणून सकाळी काहीच दिसत नाही, आणि शहरात आरपीएम कमी म्हणून ओढ कमी. घाटात मात्र दुसरा गिअर, आरपीएम वर, वेग कमी म्हणून समोरून वारा कमी, आणि इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीवर, म्हणजे उष्णता सर्वांत जास्त. नेमकं तेव्हाच होस मऊ पडून पाण्याची वाट बंद होते. नवा पंप बसवल्यावर ते दुखणं वाढलं असणार, कारण नवा पंप जोरात ओढतो.

तो होस कापून बघितला. ऑइल सील गळत होतं, ऑइल थेंब थेंब होसवर पडून रबर फुगलं होतं, आतला थर सुटून पदर लोंबत होता. ऑइलने फुगलेलं कूलंट होसचं रबर पुन्हा ताठ होत नाही. होस बदलला, गळणारं सील बदललं, थर्मोस्टॅट परत बसवला, फॅन मूळ थर्मोस्विचवर आणला, कूलंट भरलं. गाडी त्याच घाटात काटा मध्यावर ठेवून वर गेली. नवा रेडिएटर, नवा पंप, दोन्हींची गरज नव्हती.

तेव्हा तुम्ही आधी एवढंच करा. गाडी गरम करा, ओढणी, बाही, बोटं फॅनच्या पात्यांपासून लांब ठेवा, आणि रेस देऊन खालचा होस बघा. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी वरचा होस चपटा दिसत असेल तर भानगड वेगळी: झाकणातला उलटा व्हॉल्व अडकलाय, गार होताना बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येत नाही. झाकण बदला, 0.9 लिहिलेलंच घ्या. हे झाकण 0.9 किलोचा दाब धरतं म्हणून साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाब सुटतो आणि पाणी 100 लाच उकळतं. महाबळेश्वरसारख्या उंचीवर तर 95-96 लाच. झाकणाइतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित पार्ट दुसरा नाही.

होस आणि झाकण ठीक निघालं तर पुढे रेडिएटर. गरम गाडी बंद करा, फॅनची वायर काढा आणि जाळीवरून तळहात जवळून फिरवा. सगळीकडे ऊब सारखी उतरत गेली पाहिजे. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या क्षाराने बुजल्यात. बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत हे होतंच. बाहेरची जाळी मातीने, किड्यांनी भरली असेल तर पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, कमी दाबाने, नाहीतर फिन्स वाकतात. फॅनची दिशाही बघा. चालू फॅनवर समोरून कागद धरला तर तो जाळीला चिकटला पाहिजे. वायरिंग करताना मोटरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तर फॅन हवा पुढे फेकतो, आणि चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडत बसतो.

तुमची गाडी कार्ब्युरेटरची आहे म्हणून इग्निशन टायमिंग तपासाच. टायमिंग मागे पडलं की जळण उशिरा होतं आणि उष्णता एक्झॉस्टकडून हेडमध्ये शिरते. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम डायफ्रॅम फाटलाय का हे नळीला तोंड लावून ओढलं की कळतं, ओढ टिकली पाहिजे. क्लच सरकत असेल किंवा ब्रेक धरून बसत असेल तरी घाटात इंजिन विनाकारण जास्त राबतं.

आता पुन्हा थर्मोस्टॅटकडे, कारण काढण्याच्या विरोधात असलेले लोकही एक चुकीचं कारण देतात: पाणी फार वेगाने गेल्यामुळे रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही. हे खरं नाही, प्रवाह वाढला तर उष्णता कमी नाही, जास्तच बाहेर पडते. खरं नुकसान वेगळं आहे. इंजिन वेळेवर गरम होत नाही, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल नीट वाफ न होता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, रिंगा आणि बोअर झिजतात, ॲव्हरेज पडतं. थर्मोस्टॅटमुळे हेडमधल्या पाण्यावर थोडा दाब राहतो, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्वजवळ पाणी जागच्या जागी उकळत नाही, थर्मोस्टॅट काढला की तो दाबही जातो. सगळ्यांत वाईट म्हणजे रोजच्या चालवण्यात काटा खाली राहतो, मालक खूश होतो, आणि सडलेला होस किंवा बुजलेला रेडिएटर घाटात उघडकीला येईपर्यंत लपून राहतो. पूर्वी क्षाराच्या पाण्यामुळे थर्मोस्टॅट अडकायचे, म्हणून काढून टाकायची सवय पडली, हे मला मान्य आहे. उपाय कूलंट घालणं हा होता.

कूलंट किती? आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे 30 टक्के कॉन्सन्ट्रेट आणि 70 टक्के डिस्टिल्ड वॉटर पुरतं. त्याहून पातळ केलं तर गंज थांबवणारी द्रव्यं कमी पडतात. तयार मिसळलेलं घेतलं तर त्यात पाणी घालू नका. 800 ला एकूण साधारण साडेतीन लिटर लागतं. अडीच लिटरमध्येच "भरलं" वाटलं तर आत हवा अडकली आहे. गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर असेल तर गरमवर, झाकण उघडं ठेवून आयडलवर चालवा, वरचा होस गरम होऊन फॅन दोनदा सुरू-बंद होईपर्यंत थोडं थोडं भरत राहा.

रेडिएटर तांब्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा हे विचारलंय. तांब्याचा असेल तर टाकी उघडून सळई मारून साफ करून घेता येतो, पुन्हा डाग देता येतो, तेव्हा जुना असेल तर आधी तेच करा. नवाच लागला तर जो चांगल्या कंपनीचा आणि जाडीला मूळचा असेल तो. याहून जास्त विचार त्यात नाही.

काही गोष्टी सुटल्या. हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाडीचं. एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या 800 मध्ये फॅन ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) चालवतो, तिथे कूलंट सेन्सर आणि फॅनचा रिले आधी बघा, आणि थर्मोस्टॅट काढला तर ईसीयू इंजिन थंडच आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. दुसरं, तुमची गाडी आधी दोन-तीनदा एचपर्यंत तापली आहे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, ते वाकलं असण्याची शक्यता उरतेच. वर सांगितलेल्या गॅस्केटच्या तपासण्या करा, आणि हेड उतरवावंच लागलं तर लेथवाल्याकडे देण्याआधी स्ट्रेट एज आणि फीलर गेजने मोजायला लावा. 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), नाहीतर नाही.

हे दुरुस्त होईपर्यंत घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, ब्लोअर पूर्ण, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबा. वाफ येत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नका, आयडलवर फॅनला काम करू द्या. वाफ येत असेल तर लगेच बंद. झाकणाला अर्धा तास तरी हात लावायचा नाही, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो.