तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता

प्रश्न : मी सांगलीत इतिहासात एम.ए. करते. लघुप्रबंधासाठी प्रतिसरकार, म्हणजे १९४३ च्या सुमारास साताऱ्याकडे ब्रिटिशांविरुद्ध उभं राहिलेलं समांतर सरकार (लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’), हा विषय घेतलाय. आमचं मूळ गाव कुंडल. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर ‘सांगली’, ‘पत्री सरकार’ असं टाकून पाहिलं, पण कामाचं काही मिळालं नाही. मूळ साधनं नसतील तर विषय बदल, असं मार्गदर्शक म्हणतात. काय करू?
— एक विद्यार्थिनी, पलूस

उत्तर : विषय मुळीच बदलू नका. १९४३ साली सांगली जिल्हा नव्हताच. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. त्याआधीच्या कागदांत सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. तुमचं कुंडल तर दोन्हींकडे नव्हतं. ते औंध संस्थानात होतं. म्हणून कुंडलचा शोध ‘औंध’ आणि ‘डेक्कन स्टेट्स’ या नावांखाली घ्या, वाळव्याचा ‘सातारा’खाली. या हद्दीकडे नीट लक्ष द्या. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानी मुलूख असे शेजारी शेजारी नसते, तर चळवळीला कुंडलचा एवढा आधार झाला असता का? माझ्या मते तुमच्या प्रबंधाचं खरं प्रकरण इथंच आहे.

पटलावरची सूची बहुतेक इंग्रजीत आहे, तेव्हा रोमन अक्षरांत शोधा. सातारा हे नाव जुन्या कागदांत दोन टी घालूनही लिहिलेलं असतं. गृह खात्याची राजकीय शाखा निवडा. प्रांतिक सरकारं दर पंधरवड्याला दिल्लीला अहवाल धाडत, ते तिथं आहेत. नावावरून शोधण्यापेक्षा तारीख धरा : शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती ७ जून १९४३ ला, त्या पंधरवड्याचा मुंबई प्रांताचा अहवाल काढा, मग पुढचे दोन-तीन. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांना त्यांत ‘दरोडेखोर’ म्हटलेलं दिसलं तर जिवाला लागेल. तरीही तो शब्द तसाच उतरवा. सरकार कशाला घाबरत होतं, ते त्यातूनच कळतं. त्याच्या शेजारी गावातल्या जुन्या माणसांनी सांगितलेलं ठेवा; प्रतिसरकारची न्यायदानाची, लग्नं लावण्याची कामं पोलिसांच्या कागदात क्वचितच येणार.

काही नोंदींना कागदाची प्रतिमा जोडलेली नसते. तिथंही खातं, साल, फाइल क्रमांक वहीत लिहून ठेवा; नुसती लिंक संदर्भ म्हणून देऊ नका, लिंका बदलतात.

मुंबई प्रांताचे स्वतःचे कागद मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. ते सगळे काही संगणकावर मिळणार नाहीत. तिकडे जाताना विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्र सोबत असू द्या.